तिसऱ्या नंबरचा रॉड

"भाऊ, ऐका जरा," म्हणत गाडीमालक पोरानं फोन बॉनेटजवळ धरला. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, आणि आतून ठक्-ठक्-ठक्, बंद पेटीत कोणी हातोडी मारत असावं तसं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आवाज आणखी मोकळा व्हायचा. मी म्हटलं, "चावी काढ. गाडी ओढून आण, टेंपोत घालून आण, पण आता स्टार्ट मारायचं नाही."

दिवाळी चार दिवसांवर आली होती. गल्लीतली पोरं नरकासुराचा पुतळा बांधत होती आणि आम्ही दोघं त्यांच्याच हॅलोजनच्या उजेडात ऑइल पॅन उतरवत होतो. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा; त्याची कॅप, म्हणजे खालचं अर्धगोल झाकण, सोडवली, तर आतला शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) मिठाईवरच्या वर्खासारखा सोललेला. पोरगा म्हणाला, "माल मऊ पडला. रेसिंगचं बेअरिंग घालायला हवं होतं." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्यासाठीच हे लिहायला बसलोय. निष्कर्ष चुकला होता, आणि त्या चुकीवर पैसे घालून आम्ही दुसरं इंजिन बांधलं.

गाडी आणि हिशेब

मी गोव्यात, फोंड्याला गॅरेज चालवतो. पोट भरतं ते टॅक्सीवाल्यांच्या क्लचवर आणि सर्व्हिसिंगवर. स्पर्धेची इंजिनं वर्षाकाठी दोन-तीन, तीही हौस म्हणून. गाडीमालक डिचोलीचा, सव्वीस वर्षांचा. घरचे खाणीवर चालणारे टिपर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या हलल्या, २०१८ च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा थांबल्या. टिपर एकेक करून गेले. उरली शेड, जड हत्यारं आणि पोराच्या अंगात भिनलेला इंजिनाचा नाद. त्यानं जुनी मारुती एस्टीम घेतली ती ऑटोक्रॉससाठी. म्हणजे मातीवर ट्रॅफिकचे शंकूसारखे कोन मांडून आखलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि लागलेल्या वेळेवरून निकाल.

इंजिन सुझुकीचं १,२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी. जिप्सी किंगमध्येही हेच घराणं. एस्टीममधलं एमपीएफआय (पेट्रोल फवारणीचं) रूप ६,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) ८५ अश्वशक्ती द्यायचं. आम्हाला ते ७,५०० पर्यंत न्यायचं होतं. कॅमशाफ्ट, हेड, एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनाचा संगणक) या कामांत गोंधळ झाला नाही, म्हणून त्यांच्यावर लिहीत नाही.

बाहेरून वाटतं की रेसिंग इंजिन म्हणजे ताकद. बेअरिंगला मात्र ताकदीपेक्षा आरपीएम महाग पडतो. ६,००० वरून ७,५०० म्हणजे वेग सव्वापट, पण पिस्टन थांबवून उलट फिरवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १.५६ पट. आमचा पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून काट्यावर साडेचारशे ग्रॅम भरले. अर्धा किलो कांदेसुद्धा नाहीत. पण ७,५०० ला वरच्या टोकाला पोचून वळताना हाच ऐवज रॉडला साधारण १,४०० किलो वजनाइतका हिसका देतो. ६,००० ला तो ९०० च्या आसपास असतो.

हा हिसका कुठे बसतो ते महत्त्वाचं. एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना पिस्टनच्या डोक्यावर ज्वलनाचा दाब नसतो, त्यामुळे सगळा ओढा कॅपमधल्या खालच्या शेलवर येतो, सेकंदाला बासष्ट वेळा. उलट इंजिन कमी आरपीएमला दाबून चालवलं किंवा नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसले, तर मार रॉडमधल्या वरच्या शेलवर पडतो. थोडक्यात, आरपीएम खालचा शेल खातो, दाब वरचा. हे मला ठाऊक होतं. दिवाळीच्या रात्री आठवलं मात्र नाही.

आरएक्स १०० पळवणाऱ्या पोरांना बेअरिंग म्हटलं की गोळ्या आणि रोलर आठवतात. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये दाबानं येणारं तेल नसतं, म्हणून तिथे रोलर लागतात. आपल्या इंजिनात शेल असतात: अर्धगोल वाकवलेली पोलादी पट्टी आणि तिच्या आतून बेअरिंग धातूचा थर. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, आणि रॉड त्याच्या ज्या गोल भागावर बसतो तो क्रँकपिन. शेल आणि क्रँकपिन यांनी एकमेकांना टेकायचंच नसतं. पावसात बोरी पुलाच्या उतारावर टायर पाण्यावर चढतो ना, तशी पिन तेलावर चढते. तिथे आपली बोबडी वळते, इथे तेच हवं असतं. पंप फक्त तेल पुरवतो. पिन उचलतं ते फिरण्यातून तयार होणारं तेलाचं पाचर. भार कमाल असतो तेव्हा तो पडदा एक-दोन मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन हजारांशांवर, येतो.

पहिली बांधणी, दुसरी बांधणी

पहिल्या वेळी क्रँकच्या पिनांवर चरे होते, म्हणून चारही पिना ०.२५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा बारीक, ग्राइंड करून आणल्या. त्या मापाचे ॲल्युमिनियम-टिनचे साधे शेल घातले. रॉडचे मूळ बोल्ट काढून जास्त ताकदीचे बोल्ट बसवले. प्लास्टिगेज (दाबून चपटा होणारा मोजमापाचा बारीक धागा) लावून पाहिलं तर रॉडची मोकळीक, म्हणजे पिन आणि शेल यांमधली जागा, ०.०४ मिमीच्या जवळ आली. २०डब्ल्यू-५० तेल. चवथीच्या आधी इंजिन सुरू झालं, पावसाळा सरल्यावर तीनदा मातीवर धावलं, आणि मग तो फोन आला.

दुसऱ्या वेळी परदेशी रेसिंग शेल मागवले. तीन थरांचे आणि साध्यापेक्षा कडक: पोलादी पाठ, वर तांबं-शिसं, आणि सर्वांत वर मुलामा म्हणावा इतका पातळ थर. किंमत साध्याच्या कितीतरी पट. तिसऱ्या पिनेवर चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यानं उतरवलं (पोलादाला त्यानं काही होत नाही, हात मात्र सांभाळावे लागतात), पॉलिश केलं, मापात बसलं. रॉडचं मोठं भोक बोअर गेजनं (आतला व्यास मोजायचं हत्यार) उभ्या दिशेला मोजलं, ठीक आलं, रॉड परत घातला. उभ्या दिशेला मोजलं, एवढंच.

या वेळी एक शहाणपण केलं. गॅरेजमध्ये तासभर आणि सड्यावर (पठारावर) चाळीस मिनिटं चालवून मी तेलाचा फिल्टर काढला, पत्रा कापला आणि आतला कागद पसरला. ट्यूबलाइटखाली कागद तांबूस चमकत होता. चुंबक फिरवलं, काही उचललं नाही. म्हणजे पोलाद नाही, तांबं. वरचा थर संपून इंजिन खालच्या थरापर्यंत पोचलं होतं. आवाज यायच्या आत पकडलं, एवढंच समाधान. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पात्रांव, रेसिंगचं बेअरिंग चाळीस मिनिटांत? आणि साधं तीन दिवस टिकलं?"

प्रकरण उलगडलं ते या प्रश्नामुळे. दोष मऊपणाचा असता तर कडक शेल जास्त टिकायला हवे होते.

शेल वाचणे

आठही शेल वर्तमानपत्रावर मांडले. वरच्या ओळीत रॉडकडचे, खाली कॅपकडचे, सगळ्यांच्या खाचा एकाच बाजूला. टॉर्च आडवी धरली, म्हणजे चरे आणि झिजेच्या कडा उठून दिसतात. पहिल्या खेपेचे शेलही मिळाले. माझ्या पुतण्यानं ते जत्रेतून आणलेल्या खाज्याच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवले होते. मी फेकून दिले असते.

भारानं मेलेला शेल कसा दिसतो? झीज मधोमध, कमानीच्या माथ्यावर. थराला भेगा आणि तुकडे निघालेले. आरपीएमचा बळी असेल तर हे खालच्या शेलवर जास्त दिसतं. आमच्या सोळा शेलांपैकी एकावरही हे नव्हतं. माथे बहुतेक निर्धोक होते, काहींवर तर कारखान्यातले बारीक चरसुद्धा शाबूत. झीज भलत्याच जागी होती, आणि तीन तऱ्हांची.

पहिली तऱ्हा कडेची. प्रत्येक शेलच्या एका किंवा दोन्ही कडांना मिलिमीटरभर रुंदीची चकचकीत पट्टी. क्रँकपिन जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तिथे काटकोन नसतो, गोलाई ठेवलेली असते. तीक्ष्ण कोपऱ्यातून क्रँकला तडा जातो. आमच्या पिनेची गोलाई गरजेपेक्षा मोठी होती, आणि शेलची कड तिच्यावर चढून बसत होती. रेडियस गेज (गोलाई मोजायची पाती) लावलं. दुसऱ्या एका न ग्राइंड केलेल्या क्रँकला बसणारं पातं इथे डुगडुगत होतं.

ज्यांनी ग्राइंडिंग केलं त्या काकांकडे गेलो. त्यांची सगळी हयात टिपरच्या आणि मांडवी-जुवारीतल्या बार्जींच्या क्रँक घासण्यात गेलेली. मी क्रँक पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पिनेच्या कोपऱ्यावर नख फिरवलं आणि दगडाकडे बोट केलं. "दगडाची कड ट्रकच्या हिशेबानं केलेली आहे, बाबा. तुझी क्रँक म्हणजे आमच्याकडे पेन्सिल. सांगितलं असतंस तर दगड ड्रेस करून दिला असता." मी सांगितलं नव्हतं. ०.२५ एवढाच आकडा चिठ्ठीवर लिहून दिला होता.

इथे एक गंमत आहे. मोठी गोलाई मुळात वाईट नाही. क्रँक तिच्यामुळे मजबूत होते, आणि कसलेले रेसिंग बिल्डर ती मुद्दाम मागून घेतात. पण मग शेल अरुंद घ्यावे लागतात, नाहीतर कड तासून उतरती करावी लागते. क्लेव्हाइटसारख्या कंपन्यांच्या रेसिंग शेलांच्या नंबरामागे ‘एन’ असलं तर तो शेल याच कारणासाठी अरुंद केलेला असतो, ‘एक्स’ असलं तर इंचाचा एक हजारावा भाग, म्हणजे ०.०२५ मिमी, जादा मोकळीक दिलेली असते. आम्ही शेल निवडले ते खोक्यावरचा ‘रेस’ हा शब्द बघून.

दुसरी तऱ्हा तिरकस. तिसऱ्या नंबरच्या वरच्या शेलची उजवी बाजू सांध्यापाशी घासलेली, आणि खालच्या शेलची डावी. दोन्ही एकमेकांवर ठेवले की झीज बरोबर समोरासमोर येते. पुस्तकात याचं नाव आहे कॅप सरकणे. रॉड आणि कॅप ही दोन अर्धवर्तुळं एकमेकांसमोर अचूक आली तरच भोक गोल होतं. या इंजिनात कॅपची जागा बोल्टचा दांडाच ठरवतो. आमच्या नव्या बोल्टांचा दांडा मूळ बोल्टांपेक्षा किंचित बारीक होता. ताकद जास्त, पण भोकात खेळ. त्यात मी आवळताना जाड भिंतीचा सॉकेट वापरलेला, जो रॉडच्या खांद्याला टेकून कॅपला ढकलत होता. सॉकेटच्या कडेला रॉडचा ठसासुद्धा होता.

या वेळी बोअर गेज दोन्ही कर्णांवर फिरवलं. तिसऱ्या रॉडचे दोन कर्ण ०.०३ मिमीनं वेगळे भरले, म्हणजे कॅप मिलिमीटरचे सुमारे दोन शतांश सरकलेली. उभं माप तेव्हाही ठीकच होतं. ०.०४ च्या मोकळिकीतून सांध्याजवळ निम्मी जागा अशी गेली की उरलेल्या जागेत पाचर बनतच नाही. बाकीच्या तीन रॉडांत फरक एका शतांशाच्या आत होता. तिसराच का मेला, याचं उत्तर हेच.

तिसरी तऱ्हा म्हणजे धूळ. कडक शेलांवर गोल दिशेला केसासारखे चरे, नखाला लागतील असे. जुन्या मऊ शेलांवर चरे कमी, पण भिंगाखाली ठिपके दिसत होते, लालसर, थरात रुतून बसलेले, भोवती धातूची बारीक कड उठलेली. आपला जांभा. सडा म्हणजे जांभ्याचंच पठार, आणि आम्ही त्यावर कोन मांडून दिवसभर भुकटी उडवत होतो.

ती आत कशी गेली? इनटेकला मोकळा शंकूच्या आकाराचा फिल्टर होता, दिसायला रुबाबदार. रबरी गळा काढून थ्रॉटल बॉडीच्या आतून बोट फिरवलं. बोट कुंकवात बुडवल्यासारखं निघालं. गळ्याची क्लिप एका बाजूला बसलीच नव्हती. शिवाय ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर पडायचा) पाइप मूळ जागेवरून काढून खाली चाकाकडे मोकळा सोडलेला. हे दोन्ही उद्योग पोराचे, पण गाडी माझ्या गॅरेजमधून गेली होती.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. ॲल्युमिनियम-टिनचा थर मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतका असतो. धुळीचा कण त्यात बुडतो आणि गप्प बसतो. पिनेशी थोडीशी तिरकी गाठ पडली तर तो धातू दबून, सरकून जागा करून देतो. तीन थरांच्या शेलचा वरचा मऊ मुलामा नेहमीच्या मालात बारा मायक्रॉनच्या घरात, रेसिंगच्या मालात त्याहून पातळ. कणाला बुडायला जागा तेवढीच. उरलेला कण डोकं वर काढून पिनेला ओरखडतो. कडक शेल भार झेलतो, चूक झेलत नाही. आमच्या इंजिनात भार बेताचा होता, चुका भरपूर.

मग निवड कशी केली

भाराचा हिशेब आता तरी कागदावर मांडावा म्हणून मांडला. १,४०० किलोचा हिसका ४२ मिमी व्यासाच्या आणि सतराएक मिमी रुंद शेलच्या सपाट सावलीवर वाटला तर दाब २० मेगापास्कलच्या जवळ येतो. ॲल्युमिनियम-टिनचे चांगले शेल याच्या साधारण दुप्पट सोसतात. ज्वलनाचा मार त्याहून मोठा असतो, हे खरं. पण तो मूळ इंजिनातही होताच, आणि आम्ही टर्बो लावलेला नव्हता. टर्बो असता, किंवा क्रँक वाकेपर्यंत ताकद काढायची असती, तर तीन थरांच्या शेलला पर्याय नव्हता, हेही लिहून ठेवतो. नाहीतर कोणी ‘मऊच चांगलं’ असं धरून बसेल.

तिसऱ्या बांधणीत रॉडला आणि मेनला (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरते ती बेअरिंगं) दोन्हीकडे ॲल्युमिनियमचेच शेल घेतले, टिनसोबत सिलिकॉन असलेले. सिलिकॉनचे कडक कण पिनेवरची बारीक खरखर पॉलिश करत राहतात, आणि ॲल्युमिनियमचा जाड थर जांभ्याला जागा देतो. क्रँक बदलली. भंगारात एक मूळ मापाची मिळाली, व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला तर वाक दोन शतांश. तिच्या गोलाईला कोणी हात लावलेला नव्हता.

रॉड कोल्हापूरला शिरोलीतल्या एका शॉपमध्ये पाठवले. कॅपच्या सांध्यांवरून काही शतांश काढून, बोल्टांच्या जागी बारीक बुश बसवून, बोल्ट पूर्ण आवळलेल्या अवस्थेत भोक नव्यानं होन केलं, म्हणजे बारीक घासून गोल केलं. नवे बोल्ट घातल्यावर हे करायचंच असतं. आवळण्याचा जोर बदलला की भोकाचा आकार बदलतो. परत आल्यावर चारही रॉड चार दिशांना मोजले. सगळ्यात वाईट फरक पाच मायक्रॉन.

मोकळीक. व्यासाच्या हजाराव्या भागाचा जुना ठोकताळा ४२ मिमीच्या पिनेला ०.०४२ देतो. कारखान्याची मर्यादा ०.०२० ते ०.०५०. आम्ही ०.०४२ ते ०.०४६ मध्ये राहिलो, म्हणजे कारखान्याच्याच मर्यादेत, फक्त वरच्या अंगाला. पोराला ०.०६ हवी होती, कुठेतरी ऐकलेली. कडेनं गळणारं तेल मोकळिकीच्या घनानं वाढतं: ०.०३ ची ०.०६ केली तर गळती आठपट. ती भरून काढायला मूळ पंप पुरणार नाही आणि प्रेशर गेज कमी दाखवील. हजार आरपीएमला तेलाचा दाब दहा पीएसआय असा जुना दंडक आहे. आम्हाला ७,००० ला सत्तर हवे होते, पंप तोच ठेवून.

मेनची गोष्ट वेगळी. रॉड पोलादी, क्रँक पोलादी, दोघं तापून सारखे फुगतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, तो जवळजवळ दुपटीनं फुगतो आणि मेनची मोकळीक गरम झाल्यावर वाढते. म्हणून थंड असताना मेन रॉडपेक्षा घट्ट ठेवले. सुझुकीची शेलांची प्रतवारी इथे कामी येते, आणि मला ती फार आवडते. क्रँकच्या पाळ्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ब्लॉकवर ए, बी, सी अशी अक्षरं. दोन्हींचे गट सहा-सहा मायक्रॉनचे. शेलच्या कडेला रंगाचा ठिपका: हिरवा सर्वांत पातळ, मग काळा, मग बिनरंगी, पिवळा आणि सर्वांत जाड निळा, पायरी तीन मायक्रॉनची. दुसऱ्या आणि चौथ्या मेनला पिवळ्या जोडीनं ०.०२५ आली. एकात पिवळा आणि एकात बिनरंगी घातला, ०.०२८ झाली. गोव्यात पाचही रंग मिळत नाहीत. दोन बेळगावहून आणवले.

मोजण्याबाबत एक माझीच फजिती. दुसऱ्या बांधणीच्या वेळी मायक्रोमीटरनं मोकळीक ०.०३१ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिगेजनं ०.०४३. मी प्लास्टिगेजला शिव्या घातल्या. नंतर उमगलं की क्रँक गरम पाण्यानं धुऊन लगेच मोजली होती. खोलीपेक्षा पंचवीस अंशांनी गरम पोलादाची ४२ मिमीची पिन बारा मायक्रॉन मोठी भरते. तेव्हापासून मोजायच्या वस्तू आणि मोजायची हत्यारं आदल्या रात्री एकाच टेबलावर झोपतात. इंजिन त्या चुकीनं गेलं नाही, पण दोन आकडे जुळत नाहीत म्हणून तरी मी तेव्हा थांबायला हवं होतं.

धुण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. क्रँकमधल्या तेलाच्या तिरक्या वाटा लांब ब्रशनं, साबणाच्या पाण्यानं, मग हवेनं, असं पाच वेळा, पांढरा कपडा पांढराच निघेपर्यंत. धुतल्या धुतल्या तेल लावायचं. आपल्या हवेत उघड्या पिनेवर तासाभरात तांबूस छटा चढते, पावसाळ्यात तर चहा पिऊन येईपर्यंत. ऑइल पॅनमध्ये पत्र्याचे आडोसे घातले, म्हणजे लांब वळणात तेल एका बाजूला पळून पंप हवा ओढणार नाही. इनटेकला एस्टीमचाच मूळ फिल्टर बॉक्स परत बसवला आणि ब्रीदर त्यालाच जोडला. पोराला हे फार लागलं. त्या डब्यामुळे गाडी टॅक्सीसारखी दिसते म्हणाला.

उघडून पाहिलं तेव्हा

शिगम्याच्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. दर धावेनंतर फिल्टर कापायचा, हा करार. पहिल्या कागदावर थोडी पांढुरकी चमक होती, नव्या शेलांची असते तेवढी. पुढच्या तिन्ही कागदांवर काही नाही. तेल तापलेलं असताना ७,००० ला ६८ पीएसआय. मे अखेर, पाऊस लागायच्या आधी, आवाज नसतानाही इंजिन उतरवलं. पोराचा विरोध होता. मी मजुरी घेणार नाही म्हटल्यावर मावळला.

पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा दोन ओळी. या वेळी झीज माथ्यावर, फिकट राखाडी, रुंदीच्या दोन-तृतीयांशावर पसरलेली. खालच्या शेलवर किंचित जास्त, कारण आरपीएम. कडा कोऱ्या. तिसऱ्या नंबरचा शेल चौथ्यापासून ओळखू येईना, मागे खुणेचा आकडा पाहावा लागला. पहिल्या सिलिंडरच्या शेलमध्ये दोन लाल ठिपके रुतलेले मिळाले. फिल्टर बॉक्स असूनही. जांभा येतोच.

एक गोष्ट मात्र खटकली. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मधल्या मेनपाशी अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात. बांधताना क्रँकचा आडवा खेळ ०.१६ होता, आता ०.२५ भरला. अजून मर्यादेच्या आत, पण चार धावांत नऊ शतांश जास्तच. वॉशरची एकच बाजू घासलेली, क्लच दाबल्यावर क्रँक ज्या बाजूला ढकलली जाते ती. त्याला विचारलं, "स्टार्टला किती वेळ उभा असतोस?"

"दोन मिनिटं. कधी तीन."

"गिअरमध्ये, क्लच दाबून?"

तो गप्प. क्लचची रेसिंगची प्रेशर प्लेट मूळच्यापेक्षा बरीच कडक, आयडलला तेलाचा दाब कमी, आणि या वॉशरला शेलसारखं तेलाचं पाचर नीट मिळत नाही. नवे वॉशर घातले आणि सांगितलं की झेंडा वर जाईपर्यंत न्यूट्रलमध्ये राहा. त्यानं मान डोलावली. ऑक्टोबरच्या पहिल्या धावेला मी मुद्दाम स्टार्टपाशी जाऊन उभा राहिलो. पुढच्या गाडीची धूळ बसत होती, झेंडेवाला अजून पाणी पीत होता, आणि आमचा पोरगा गुडघा ताठ करून क्लच दाबून बसला होता.